मोर वर, सर खाली: ठाण्यातल्या एका किचनच्या दारावरचा मण्यांचा पडदा

मण्यांच्या पडद्याची ऑर्डर येते तेव्हा लोक फोटो पाठवतात, आणि फोटोतल्या पडद्यातून कोणीच चाललेलं नसतं. इथेच सगळी गोची आहे. म्हणून हे एक प्रकरण जरा सविस्तर लिहितेय, यात जवळजवळ सगळे प्रश्न एकाच चौकटीत आले होते.

ठाण्यातला जुन्या बिल्डिंगमधला फ्लॅट. हॉल आणि किचनच्या मधे दार नाही, नुसती उघडी चौकट, 34 इंच रुंद आणि 82 इंच उंच. मेन डोअर उघडलं की आलेल्या माणसाला पहिलं दर्शन सिंकचं, त्यातल्या खरकट्या भांड्यांसकट. कापडी पडदा लावून झाला होता, पण त्याला फोडणीचा वास धरतो, हात पुसायला तोच सापडतो आणि ट्रे घेऊन येताना तो पायात येतो. मग ऑनलाइन मागवलेला रेडिमेड मण्यांचा पडदा लावला, तो वर्षभरात लोळागोळा झाला. आता घरातल्या काकूंना कायमचा इलाज हवा होता, आणि शिवाय मोर हवा होता. "मोर हवा म्हणजे हवा, बाकी तू काहीही कर," असं स्पष्ट सांगून टाकलं. सूनबाईंची अट वेगळीच, घरात 14 महिन्यांचं बाळ, हाताला लागेल ते ओढणारं आणि थेट तोंडात घालणारं. काकांची अट एकच, आवाज नको, कारण रात्री पाणी प्यायला उठणारे तेच.

आधी जुना पडदा खाली उतरवून बघितला. नवीन काही करायच्या आधी जुनं का मेलं ते बघायचंच, त्यातून निम्मं डिझाइन आपोआप ठरतं. त्यात काचेच्या लांबट नळ्या आणि मधेमधे चकाकी मारलेले प्लास्टिकचे गोल मणी होते, सगळे तंगुसात, म्हणजे नायलॉनच्या पारदर्शक दोऱ्यात, ओवलेले. तुटलेल्या सरांची टोकं बोटांनी चाचपली तर बहुतेक ठिकाणी तंगूस नळीच्या तोंडाशीच कापलेला. काचेची नळी कापून बनवतात, तिची कड वस्तऱ्यासारखी राहते, आणि पडदा हलला की प्रत्येक वेळी ती कड दोरीवर घासते. यावर मोतीकाम करणाऱ्यांचा जुना उपाय आहे, प्रत्येक नळीच्या दोन्ही बाजूला एकेक बारीक गोल मणी ओवायचा म्हणजे दोरी कडेवर दुमडत नाही. रेडिमेडवाले मणी वाचवतात, मग दोरी जाते.

दुसरं म्हणजे वरचा रॉड. पातळ पत्र्याचा पोकळ रॉड, दोन टोकांना अडकवलेला, आणि सर त्यावर नुसत्या फाशाने टांगलेले. वजनाने रॉड मधोमध वाकला, वाकला की सगळे फासे घसरत घसरत मधे गोळा झाले, मधे गोळा झाले की तिथलं वजन अजून वाढलं आणि रॉड अजून वाकला. शेवटी दोन्ही कडांना मोकळी जागा आणि मधे मण्यांचा जुडगा. सिंक कुठून दिसत होतं? बरोबर त्या मोकळ्या कडेतून.

आता मोर. इथे मला काकूंशी बराच वेळ बोलावं लागलं. सुटे सर लोंबकळणाऱ्या पडद्यात चित्र काढायचं म्हणजे ग्राफ पेपरवर प्रत्येक उभी ओळ म्हणजे एक सर आणि प्रत्येक चौकोन म्हणजे एक मणी. कागदावर झकास दिसतं. पण मणी कधीच एकसारखे नसतात. 8 एमएमच्या मण्यात 0.1 एमएमचा फरक तर असतोच, आणि 3 फुटी सरात असे 114 मणी, म्हणजे शेवटच्या मण्यापर्यंत सेंटीमीटरच्या वर घोळ होऊ शकतो. एका सरात मोराचा डोळा इथे आणि शेजारच्या सरात त्याच डोळ्याची कड मणीभर खाली. उत्तर प्रदेशात पुरदिलनगरला भट्टीवर हाताने बनणारे काचेचे मणी तर याहून कमीजास्त असतात, त्यांची मजा त्या कमीजास्तपणातच आहे पण चित्रासाठी ते नकोत. वर परत कोणीतरी पडद्यातून गेलं की चित्र विस्कटणार, आणि किचनच्या दारातून तर दर दोन मिनिटांनी कोणीतरी जातंच.

व्हिएतनामी बांबूचे पडदे बघितले असतील तर त्यांच्यावर चित्र असतं आणि ते नीट दिसतंही, मग तिथे कसं जमतं असं सूनबाईंनी विचारलं, प्रश्न अगदी बरोबर. तिथे बांबूच्या बारीक नळ्या असतात, सर अगदी खेटून टांगलेले, आणि चित्र ओवून तयार होत नाही, सर टांगून झाल्यावर त्यावर सरळ रंगवतात. त्यामुळे मापाच्या फरकाचा प्रश्नच येत नाही. पण तेही ये-जा झाली की क्षणभर मोडतंच, आणि किचनशेजारी रंगवलेला बांबू तेलकट झाला की पुसायचा कसा?

मग मोर कुठे टिकेल? जिथे सर सुटे नाहीत तिथे. सौराष्ट्रात जे मोतीकाम करतात, दारावरची तोरणं, भिंतीवर टांगायचे चौकोनी चाकळे, ते लोंबकळणाऱ्या सरांचं काम नाही, मणी एकमेकांत अडकवून विणलेली जाळी असते, तीन-तीन मण्यांचे गट दोऱ्याने बांधत जायचे. पांढऱ्या पोतावर निळे-लाल-हिरवे-पिवळे हत्ती, मोर, घोडे, आणि तिथे चित्र हलत नाही कारण प्रत्येक मणी शेजाऱ्यांना बांधलेला असतो. त्या कामाचे जुने मणी इटलीतल्या व्हेनिसहून आफ्रिकेच्या व्यापारामार्गे काठियावाडात, म्हणजे सौराष्ट्रातच, आले होते, म्हणजे आपण ज्याला अस्सल देशी समजतो त्यातला मणी मुळात परदेशी, पण ते असो.

तर ठरलं असं की वरचे 8 इंच तोरणासारखी विणलेली पट्टी, त्यात समोरासमोर दोन मोर, आणि त्याच्या खाली सुटे सर, त्यात चित्र अजिबात नाही. पट्टीची खालची कड जमिनीपासून 74 इंचांवर, म्हणजे 6 फूट 2 इंच, घरातला सगळ्यात उंच माणूस 6 फूट, कोणाच्या डोक्याला लागत नाही आणि मोरांना कोणी हात लावत नाही. काकू आधी थोड्या नाराज होत्या, त्यांच्या डोक्यात अख्ख्या दारभर पिसारा होता. मी कागदावर दोन मोर 6 एमएमच्या मण्यांच्या हिशेबाने काढून दाखवले, उंचीला 33 ओळी मिळतात, तेवढ्यात तुरा, मान आणि पिसाऱ्यातले डोळे सगळं येतं, मग तयार झाल्या. हे विणकाम मी स्वतः करत नाही, मला तेवढा हात नाही. ओळखीच्या एक काठियावाडी बा आहेत, त्या बसल्या बसल्या करतात आणि मला मधेमधे रागावतात की तू मणी मोजून का आणत नाहीस.

यानंतरचा प्रश्न, सर किती लांब. सगळ्यांना वाटतं पडदा म्हणजे जमिनीपर्यंत. मला सांगा, लपवायचं काय आहे? सिंक. मग सिंक लपेल इतकाच पडदा पुरे. हे काढायची सोपी पद्धत आहे. एकाने सोफ्यावर जिथे पाहुणे बसतात तिथे बसायचं, दुसऱ्याने चौकटीत पेपरचं पान आडवं धरायचं आणि खालची कड हळूहळू वर न्यायची, सिंकची कड दिसायला लागली की थांबायचं आणि चौकटीवर पेन्सिलची खूण करायची. मग हेच मेन डोअरपाशी उभं राहून. इथे बसलेल्या माणसाचा डोळा 44 इंचांवर, सोफा चौकटीपासून 8 फूट, सिंक चौकटीच्या पलीकडे 7 फूट आणि ओटा 34 इंच उंच, खूण आली 38 इंचांच्या जरा वर. उभ्या माणसाची त्याहून बरीच वर आली, कारण तो वरून बघतो, म्हणजे त्याच्यासाठी अजून आखूड पडदाही चालला असता. लोक उभ्याने बघून माप घेतात आणि मग बसलेल्या पाहुण्याला सगळं दिसतं. आपण बसलेल्याचं माप धरलं, 38 इंच. म्हणजे जमिनीपासून 3 फुटांच्या वर मोकळं.

याने बाळाचाही प्रश्न बराच सुटला. 14 महिन्यांचं मूल साधारण अडीच फूट, हात वर केले तर 3 फुटांपर्यंत पोचतं. पुढच्या काही महिन्यांत 38 इंचांपर्यंतही पोचणारच, म्हणून नुसत्या उंचीवर विसंबून चालत नाही, त्याकडे पुढे येते. पण लहान मूल असलेल्या घरात मी जमिनीपर्यंतचा पडदा करतच नाही, आणि खालची टोकं एकमेकांना जोडलेल्या झालरी किंवा बाजूला बांधायचे फासे तर कोणत्याच घरात नाही. लटकणारा बंद फासा आणि मुलाची मान, हे नकोच.

अजून एक गोष्ट पेपर धरताना लक्षात आली. सिंक दिसतं ते फक्त चौकटीच्या डाव्या अर्ध्यातून. उजव्या अर्ध्यातून दिसतो फ्रिज, आणि फ्रिजची काकूंना लाज नव्हती, त्यावर नातवंडांचे फोटो लावलेत. शिवाय घरातले सगळे उजवीकडूनच जात होते, कारण डावीकडे हॉलमधे डायनिंग टेबलाचा कोपरा येतो. मग दोन्ही बाजू सारख्या करायच्याच कशाला? डावीकडच्या 18 इंचांत सर दाट, अर्ध्या इंचाला एक, 38 इंचांपर्यंत खाली. उजवीकडच्या 16 इंचांत विरळ, इंचाला एक, आणि ते 50 इंचांवरच संपतात. चहाचा ट्रे माणूस साधारण 40 इंचांवर धरतो, म्हणजे ट्रे सरांच्या खालून जातो आणि कपात मणी बुडत नाहीत. हे ऐकायला गंमत वाटते पण मण्यांचा पडदा काढून टाकायचं सगळ्यात कॉमन कारण हेच आहे, चहा सांडणे. दोन लांबींच्या मधे पायऱ्या नको म्हणून सांध्यावरचे सहा-सात सर तिरके उतरवत नेले, साडीच्या पदराची कड तिरकी पडते तसे.

मटेरियलवर काकूंचं मत पक्कं होतं, काच. मी वजन करून दाखवलं. या मापात 8 एमएमचे काचेचे मणी घेतले तर नुसते सर साडेतीन किलोच्या आसपास जातात, अॅक्रिलिकचे दीड किलोच्या थोडे वर, कारण काच अॅक्रिलिकच्या दुपटीहून जड. साडेतीन किलो म्हणजे काही फार नाही, भिंत पेलते. पण किचनच्या फरशीवर, बाळाच्या घरात, एक काचेचा मणी फुटला की ते तुकडे कोण शोधणार. लाकडी मणी हा पर्याय होता, हलके आणि आवाज अगदी कमी, पण कच्च्या लाकडात तेलाची वाफ बसते आणि मग ते धुताही येत नाही, धुतलं की फुगतात. कर्नाटकातल्या चन्नपट्टणच्या लाकडी खेळण्यांवर असते तशी लाख चढवलेली असेल तर वाफ कमी बसेल, पण लाख उष्णतेने मऊ होते, त्यामुळे गॅसच्या इतक्या जवळ नको.

म्हणून अॅक्रिलिक, पण पारदर्शक नाही. लपवायचं असेल तर पारदर्शक मण्याचा काही उपयोग नाही, मागची ट्यूब लागली की सगळं आरपार. अपारदर्शक आणि फिकट रंग घेतला तर हॉलमधला उजेड मण्यावर पडून डोळा तिथेच अडकतो, मागे जात नाही. अर्ध्या इंचावर 8 एमएमचा मणी म्हणजे साठ टक्क्यांच्या वर जागा झाकली जाते, आणि तेवढं पुरतं, भांडी आहेत एवढं कळेल पण कोणती ते नाही. फक्त हॉलमधला दिवा बंद आणि किचनचा चालू असं झालं की दिसणार, हे आधीच सांगून ठेवलं.

अॅक्रिलिकची अडचण अशी की ते इतकं हलकं की हॉलच्या पंख्यानेच सर हलत राहतात आणि एकमेकांत गुंततात. त्यामुळे प्रत्येक सराच्या टोकाला एक 12 एमएमचा पितळी मणी. काकूंना तिथे घुंगरू हवे होते, काकांनी माझ्याकडे असं काही बघितलं की घुंगरांचा विषय तिथेच संपला. पितळी मणी सहा-सात ग्रॅमचा, पण टोकाला असल्यामुळे सर ओळंब्यासारखा सरळ राहतो आणि पंख्याच्या वाऱ्याने कमी हलतो.

आता दोरा, माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. तंगूस नको, कारण तो रिळावरून काढला की गोल गोल फिरलेलाच राहतो आणि त्याला मारलेली गाठ सरकते. घट्ट पीळ दिलेला पॉलिस्टर दोरा घेतला, तो ताणत नाही आणि गाठ धरतो. आणि मग मंगळसूत्र गाठवताना पटवेकरी जे करतात ते केलं, मणी नुसते ओवायचे नाहीत, गाठवायचे. प्रत्येक मण्यानंतर गाठ मारली असती तर पडदा पुढच्या दिवाळीपर्यंत झाला नसता, म्हणून दर 4 इंचांना एक. टेबलावर स्टीलची पट्टी चिकटवून 4-4 इंचांवर मार्करने रेघा मारल्या, सर त्यावर ताणून धरायचा, 12 मणी ओवायचे, आणि गाठ बरोबर रेघेवर बसवायची, सुई फाशात ठेवून फासा रेघेपर्यंत ढकलायचा आणि मग सुई काढून घ्यायची. मणी थोडे मोठे असतील तर घट्ट बसतात, बारीक असतील तर किंचित मोकळे राहतात, पण पुढच्या रेघेवर हिशेब परत शून्य. म्हणजे मापाचा घोळ साचतच नाही. आणि दुसरा फायदा बाळासाठी, कुठे दोरा तुटलाच तर 12 मणी पडतील, 114 नाही. एका गाठीत दोन कामं झाली. अर्थात 12 मणीसुद्धा बाळाच्या तोंडात जायला नकोतच, म्हणून दोरा भरपूर जाड आणि दर पंधरवड्याला खालचा वीतभर भाग हाताने ओढून बघायचा, हे सूनबाईंना दाखवून ठेवलंय.

वर प्रत्येक सर उघड्या तोंडाच्या पितळी हुकात अडकवलाय, बंद कडीत नाही. बाळ लोंबकळलं तर सर हुकातून निघून खाली यावा, मूल लटकत राहायला नको. घरी आणायच्या आधी वाळूची पिशवी बांधून ओढून बघितलं, हुकाचं तोंड पक्कडीने थोडं थोडं उघडत नेलं, नुसत्या चालण्याने निघत नाहीत आणि जोरात झटका दिला तर निघतात, असं होईपर्यंत.

हे सगळं जिच्यावर टांगायचं ती लाकडी पट्टी चौकटीच्या आत वर न ठोकता हॉलच्या बाजूने भिंतीवर लावली. वरच्या काँक्रीटमधे खालून स्क्रू मारला तर सगळं वजन स्क्रूला बाहेर ओढत राहतं, भिंतीत आडवा मारला तर गिट्टी, म्हणजे स्क्रूसाठी भोकात ठोकायचा प्लग, निवांत पेलते. सुताराला हे सांगावं लागलं नाही, त्यानेच मला "ताई, आतून नको" म्हणून सांगितलं. पट्टी 36 इंचांची, चौकटीच्या दोन्ही बाजूला इंचभर बाहेर, म्हणजे कडेची फट पण गेली.

रंगांचं थोडक्यात. काकूंना मोरपंखी आणि डाळिंबीचे आडवे पट्टे हवे होते. आडवी सरळ रेघ ही मण्यांच्या पडद्यातली सगळ्यात निर्दय गोष्ट, एक सर 3 एमएम खाली लटकला तरी लांबून दिसतं. त्याऐवजी वर पट्टीलगत मोरपंखी दाट, खाली येताना विरळ होत होत मोतिया, मधेमधे एखादा डाळिंबी मणी विखुरलेला. विखुरलेल्यात चूक दिसत नाही कारण तिथे सरळ असं काही नसतंच. मणी भुलेश्वरहून आणले, मोतिया रंगाचे सगळे एकाच वेळी एकाच लॉटमधले, कारण पुढच्या लॉटचा मोतिया पिवळट निघतो हे ठरलेलं. सुट्या सरांना सव्वापाच हजारांच्या आसपास मणी लागले, पट्टीला त्याहून थोडे कमी.

लावून झाल्यावर पहिली प्रतिक्रिया शेजारणीची, "उजवीकडचं राहिलंय का अजून?" काकू आता प्रत्येकाला ट्रे हातात घेऊन जाऊन दाखवतात. सिंक दिसत नाही, सोफ्यावरूनही नाही. काकांची तक्रार पूर्ण गेलेली नाही, अॅक्रिलिकचा खळखळ आवाज येतोच, पण ते रात्री उजवीकडून वाकून जातात, 50 इंचांच्या खालून. बाळाने दोन सर हुकातून ओढून काढले, दोन्ही अख्खे, आणि परत अडकवायला कोणाला बोलवावं लागलं नाही. मांजर असतं तर मात्र हे डिझाइन टिकलं नसतं, हलणारा पितळी मणी मांजराला सहन होत नाही.

तेल बसतंच. धुताना सर हुकातून काढायचे, सात-आठ सरांच्या जुड्या करून कापडाच्या चिंध्यांनी दोन ठिकाणी सैल बांधायच्या, मग कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडमधे बुचकळायच्या. उकळतं पाणी नको, आणि स्पिरिट किंवा थिनर तर अजिबात नको, अॅक्रिलिकला बारीक तडे जातात आणि चमक कायमची जाते. मोरांची पट्टी काढायची नाही, ती जागेवरच ओल्या कपड्याने पुसायची.

आता काकूंना बेडरूमच्या पश्चिमेच्या खिडकीला पण असाच पडदा हवाय. असाच होणार नाही. तिथून कोणी चालत नाही, लपवायचं काही नाही, संध्याकाळचं ऊन आत येतं ते पकडायचंय, म्हणजे तिथे काच, आणि पारदर्शक, आणि पुरदिलनगरचे कमीजास्त मणीसुद्धा चालतील. बाळाच्या हाताला लागू नये म्हणून खिडकीच्या वरच्या अर्ध्यातच. दोरा मात्र अजून ठरायचाय, उन्हात पॉलिस्टर नायलॉनपेक्षा जास्त टिकतं पण काचेच्या मण्याच्या आत तो दिसतो, म्हणून बारीक पितळी तारेचा एक नमुना सर करून तिथे टांगून ठेवलाय, पावसाळ्यात तार काळी पडते का ते बघून मग बाकीचं.